तिला पिऊ द्या

याकूब होडेकर नागदेवीच्या दुकानात आला तेव्हा
त्याला साडेतीन हजार पितळी स्क्रू हवे होते,
चपट्या डोक्याचे, एका खाचेचे.
"फुलीचे नकोत," म्हणाला, "तिच्या जमान्यात नव्हते."
कुणाच्या? मी विचारलं.
त्यानं खिशातून लाकडाची एक ढलपी काढली,
थुंकी लावून अंगठ्यानं चोळली.
बिलबुकाच्या शेजारी, काउंटरवर,
कोकमाच्या आगळासारखा रंग वर आला.

महोगनी. मला तो रंग माहीत होता.

शनिवारी शटर ओढून गेले.
दारूखान्यात जहाजं फुटतात.
गॅसकटरच्या ठिणग्या चुकवत चालायचं,
साखळदंडांचे ढीग, संडासाची भांडी,
कुठल्याशा कप्तानाचा दाढीचा आरसा.
इथं कुणी काही जोडत असेल
असं वाटत नाही.
ताडपत्रीमागे ती पालथी निजलेली,
एकवीस फूट,
वाक मोजता येतील इतकी रोड.
अकरा वर्षं तिच्यात कोंबड्यांनी अंडी घातली होती.

बाबा ही बोट चालवायचे. भेसानिया शेठची.
रविवारी सकाळी अपोलो बंदर ते मांडवा,
दिवे लागायच्या आत परत.
शेठाणीची टोपी त्यांनी तीनदा समुद्रातून काढली,
पण मागच्या लाल गादीवर कधी बसले नाहीत.
चक्र उभ्यानंच धरायचे.
"बसलं की पाणी दिसत नाही," म्हणायचे.
हे खरं होतं.
दुसरंही खरं होतं.

इंजिनाच्या झाकणाला आतून
पेन्सिलीच्या खुणा निघाल्या, तेल बदलल्याच्या.
चार उभ्या, एक तिरपी. शेजारी तारखा,
नवाचं शेपूट लांब ओढलेलं.
आणि एका ठिकाणी, खूण नसलेल्या आठवड्यात:
पोरगी झाली. आलो नाही.

नवा मालक कोठावाला म्हणाला, घासून टाका,
सगळं कसं एकसारखं दिसलं पाहिजे.
याकूबनं कानस-कागद उचलला,
माझ्याकडे पाहिलं नाही,
आणि झाकणाची बाहेरचीच बाजू घासत बसला
मगरिबपर्यंत.

मग वॉर्निशचे बारा हात.
प्रत्येक हाताला शेजारच्या भंगारवाल्याला चहा,
म्हणजे तो तेवढा वेळ कटर बंद ठेवायचा.
बाराव्या हातानंतर
तिच्यात याकूबचा चेहरा दिसायला लागला.
त्याला तो फारसा आवडला नाही.

पौर्णिमेच्या उधाणाला लकडी बंदरात सोडली.
नारळ होता, पेढे होते, फोटोवाला होता,
आणि ती गळायला लागली.
एका जागी नाही. शिवणीशिवणीतून,
घाम फुटावा तशी.
कोठावाला ओरडत होता, नऊ महिने, एवढा पैसा,
बाहेर काढा, आधी बाहेर काढा!
याकूब धक्क्यावर पाय सोडून पेढा खात होता.
"तिला पिऊ द्या," म्हणाला.
"किती वर्षांची तहान आहे.
पोट भरलं की फुगेल, आपली शिवण आपण मिटवेल.
आत्ता काढलीत तर जन्मभर गळेल."

रात्रभर आम्ही आळीपाळीनं उपसत होतो.
पहिल्या तासाला चाळीस डबे.
मग तीस. मग मोजायचं विसरलो.
कोठावाला गाडीत झोपला होता, बूट न काढता.
पहाटे भाऊच्या धक्क्यावर पहिल्या लाँचनं भोंगा दिला
तेव्हा सात.
दुसऱ्या दिवशी दुपारी डबा तळाला नुसता खरवडला.

सुटताना कोठावाला म्हणाला, बसा ना, मागे जागा आहे.
गादी नवी होती, लाल तोच.
बसले.
वेग घेतल्यावर नाळ उचलली गेली,
आणि बाबा बरोबर होते:
बसलं की पाणी दिसत नाही.
पुढे नुसतं लाकूड, त्यावर आभाळ.

तरी जवाहर द्वीपाच्या तेलाच्या टाक्या मागे पडेपर्यंत
बसूनच राहिले.